आई-बाबांना घेऊन ख्रिसमस मार्केट पाहायला युरोपात रिव्हर क्रूझ करायची आहे. डॅन्यूब घ्यावी की ऱ्हाइन, आणि कधी जावं?

तुम्ही लिहिलंय की आई-बाबा सत्तरीच्या घरात आहेत, घरचे सगळे शाकाहारी आहेत, मुलांना 23 डिसेंबरपासून सुट्टी आहे आणि म्हणून 24 ते 31 डिसेंबर हा आठवडा धरला आहे. नदी कोणती ते नंतर बघू. आधी हा आठवडा बदला, असं मी अगदी कळकळीनं सांगेन.

हे बाजार ख्रिसमसच्या आधी भरतात. आपल्याकडे आकाशकंदील, पणत्या आणि रांगोळीच्या रंगांनी तुळशीबाग आणि दादर फुलून जातं ते वसुबारसेच्या आधीचे दहा-पंधरा दिवस. भाऊबीजेच्या संध्याकाळी तिथे गेलं तर काय दिसणार? तिकडेही तसंच आहे. ख्रिसमसच्या आधीचे चार रविवार म्हणजे अ‍ॅडव्हेंट, येशूच्या आगमनाची वाट पाहण्याचा काळ. घराघरात हिरव्या फांद्यांच्या कड्यावर चार मेणबत्त्या असतात आणि दर रविवारी एक-एक वाढवत पेटवतात. बाजार या वाट पाहण्याचा भाग आहे. न्युरेंबर्गचा बाजार पहिल्या अ‍ॅडव्हेंटच्या आधीच्या शुक्रवारी उघडतो आणि 24 तारखेला दुपारी आवरतो. कोलोनच्या कॅथीड्रलसमोरचा 23 लाच संपतो. 24 च्या दुपारनंतर जर्मनीत दुकानं बंद, रस्ते रिकामे, आणि 25 व 26 दोन्ही दिवस सार्वजनिक सुट्टी. तुम्ही त्या आठवड्यात बोटीत बसलात तर गावं सुंदर दिसतील, पण ज्यासाठी निघालात ते मिळणार नाही.

म्हणून नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून साधारण 12-15 डिसेंबरपर्यंतचा काळ धरा. मुलांची आठवडाभर शाळा बुडेल, ती बुडू द्या. सुट्टी हलवणं अगदीच अशक्य असेल तर क्रूझचा विचार सोडून व्हिएन्ना आणि बुडापेस्ट ही दोनच शहरं घ्या. व्हिएन्नाच्या टाउन हॉलसमोरचा बाजार 26 पर्यंत असतो, बुडापेस्टचे मोठे बाजार नवीन वर्षापर्यंत चालतात आणि दोन्ही शहरांमध्ये रेल्वेनं पावणेतीन तासांच्या आत जाता येतं.

आता नदी. मी दोन्ही केल्या आहेत. डॅन्यूब नवरा आणि सासू-सासऱ्यांबरोबर, नंतर ऱ्हाइन एका मैत्रिणीबरोबर. आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर माझं मत डॅन्यूबच्या बाजूनं आहे. ऱ्हाइनवर बाझल, स्ट्रासबुर्ग, कोलोन, अ‍ॅमस्टरडॅम अशी मोठी नावं एका ओळीत येतात. स्ट्रासबुर्गचा बाजार 1570 पासूनचा आणि फार देखणा, पण तिथली गर्दी इतकी असते की शनिवारी संध्याकाळी आम्हा दोघींना एकमेकींचा हात धरून चालावं लागलं. सासूबाईंना त्या गर्दीत मी नेलं नसतं. डॅन्यूबवर पासाउ, रेगेन्सबुर्ग, लिंझ ही आटोपशीर गावं आहेत. पासाउला तर बोटीतून उतरलं की पाच-दहा मिनिटांत तुम्ही जुन्या गावात असता, तिथेच डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्या एकमेकींना मिळतात. वर कॅथीड्रलच्या अंगणात बाजार. थकवा आला तर परत बोटीवर येऊन पाय पसरता येतात, ही सोय वयस्कर माणसांना किती मोलाची वाटते ते मी पाहिलं आहे.

डॅन्यूबच्या पुष्कळ सहली न्युरेंबर्ग ते बुडापेस्ट किंवा उलट असतात. न्युरेंबर्ग खरं तर डॅन्यूबवर नाहीच, ते माइन-डॅन्यूब कालव्यावर आहे. 171 किलोमीटरचा हा कालवा 1992 साली पूर्ण झाला. त्यात बोट लॉकगेटमधून, म्हणजे दारं बंद करून पाणी भरलेल्या कुंडांतून, पायऱ्या चढावी तशी समुद्रसपाटीपासून 406 मीटर उंचीपर्यंत चढते आणि पलीकडे उतरते. सगळ्यात उंच लॉकमध्ये बोट 24 मीटरहून जास्त वर उचलली जाते, म्हणजे जवळजवळ आठ मजले. माझे सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत. रात्री अकरा वाजता ते खोलीच्या खिडकीशी बसून होते आणि हाताच्या अंतरावरून ओली काँक्रीटची भिंत हळूहळू खाली सरकताना पाहत होते. बाजारांपेक्षा त्यांना ते जास्त आवडलं, आजही तेच सांगतात.

तरीही तुम्हाला मी पासाउहून निघून पासाउलाच परत येणारी सहल सुचवेन. कारण पाणी. जर्मनीत श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन या पट्ट्यात डॅन्यूबवर बांध नाही, नदी मोकळी वाहते. पाणी कमी झालं की बोटीचा तळ टेकतो, जास्त झालं की बोट पुलांखालून जात नाही. आमच्या वेळी पाणी कमी होतं. रेगेन्सबुर्गला आम्हाला बॅगा भरायला सांगितलं, बसनं पासाउला नेलं आणि तिथे उभ्या असलेल्या तशाच दुसऱ्या बोटीत चढवलं. कुणाची चूक नव्हती, आणि करारात हे स्पष्ट लिहिलेलं असतं की अशा बदलाबद्दल पैसे परत मिळतीलच असं नाही. पण सासूबाईंनी एकदा लावलेली खोली पुन्हा आवरायची, औषधं शोधायची, यात एक अख्खा दिवस गेला. पासाउ या पट्ट्याच्या खाली आहे, तिथून निघालात तर सगळ्यात अडचणीचा भाग टळतो. म्युनिकला विमानानं उतरा, तिथे दोन रात्री राहा, मारिएनप्लाट्झ या मुख्य चौकातला बाजार पाहा आणि मग साधारण सव्वादोन-अडीच तासांच्या रेल्वेनं पासाउला जा. विमान आणि बोट यांच्यात निदान एक रात्र ठेवाच. डिसेंबरात बर्फामुळे विमानं उशिरा उतरतात आणि बोट कुणासाठी थांबत नाही.

सहल निवडताना सगळेजण गावांची यादी पाहतात. मी म्हणेन, बोट कुठल्या गावात किती वाजेपर्यंत बांधलेली आहे ते पाहा. डिसेंबरात तिकडे चार-सव्वाचारला सूर्य मावळतो आणि बाजाराचा खरा रंग त्यानंतर चढतो. दिवसा तीच लाकडी दुकानं साधी वाटतात. संध्याकाळी दिवे लागले, भाजक्या बदामांचा आणि दालचिनीचा वास थंड हवेत पसरला, चर्चच्या पायऱ्यांवर पितळी वाद्यं घेऊन चार-पाच जण वाजवायला उभे राहिले, की तिथून पाय निघत नाही. काही सहलींमध्ये बोट दुपारी साडेचार-पाचलाच गाव सोडते. सात दिवसांत निदान चार संध्याकाळी बोट रात्री नऊ-दहापर्यंत गावातच असेल अशी सहल शोधा. व्हिएन्नात एक पूर्ण रात्र मुक्काम हवा. बुडापेस्टलाही हवा, आणि तिथे अंधारात बोट संसद भवनासमोरून जाणार आहे का तेही विचारा. उलट मेल्क ते क्रेम्स हा वाखाउ खोऱ्याचा भाग मात्र उजेडी पार व्हायला हवा. उतारावरचे द्राक्षमळे, ड्युर्नश्टाइनचं निळ्या मनोऱ्याचं चर्च, हे सगळं 36 किलोमीटरांत आहे. वेळापत्रकात तो प्रवास रात्री टाकलेला असेल तर ती सहल सोडा.

वारही पाहा. लहान गावांतले काही बाजार फक्त गुरुवार ते रविवार असतात. मोठ्या शहरांत नेमके शनिवार-रविवार टाळावेत. दोन्ही एका सहलीत जुळवणं अवघड आहे, पण वेळापत्रक कॅलेंडरशेजारी ठेवून पाहिलं तर निदान व्हिएन्ना सोमवार ते गुरुवारात बसवता येतं.

खोलीच्या बाबतीत एका गोष्टीत पैसे वाचवा आणि एकीत वाचवू नका. बाल्कनीवर खर्च करू नका. त्या थंडीत दार कुणी उघडत नाही, आणि अनेक धक्क्यांवर दोन-तीन बोटी एकमेकींना खेटून बांधतात, तेव्हा बाल्कनीतून शेजारच्या बोटीची खिडकी दिसते. पण आई-बाबांची खोली सगळ्यात खालच्या मजल्यावर घेऊ नका. पुष्कळ बोटींची लिफ्ट तिथपर्यंत जात नाही. मधल्या मजल्यावरची साधी खोली घ्या. पैसे भरण्याआधी दारू-पाणी, स्थळदर्शन आणि कर्मचाऱ्यांची टिप किमतीत धरली आहे का ते लेखी घ्या. टिप वेगळी असेल तर माणशी रोजचे दहा-पंधरा युरो बाजूला ठेवा.

जेवणाचं म्हणाल तर बोटीवर रोज शाकाहारी पदार्थ असतात, मात्र तिकडच्या शाकाहारात अंडं बसतं. अंडं चालत नसेल तर बुकिंगच्या वेळीच लिहून द्या आणि पहिल्या संध्याकाळी मुख्य आचाऱ्याला भेटा. आमच्या आचाऱ्यानं सासूबाईंसाठी रोज वेगळं सूप केलं. बाजारात भाजलेले चेस्टनट, साखरेत घोळवलेले बदाम आणि उकडलेला मका निर्धास्त खा. बटाट्याची थालीपिठासारखी धिरडी सफरचंदाच्या गोड चटणीबरोबर मिळतात, फार छान लागतात, पण त्यांत बहुधा अंडं असतं. बुडापेस्टचा लांगोश म्हणजे आपल्या भटुऱ्याचा भाऊच, वर लसूण, आंबट साय आणि चीज. तो कशात तळला आहे तेवढं विचारा, काही ठिकाणी चरबी वापरतात. चीजच्या पदार्थांत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात, म्हणून ‘ओने फ्लाइश, ओने श्पेक’ (मांसाशिवाय, बेकनशिवाय) हे दोन जर्मन शब्दप्रयोग पाठ करून जा. मसाले घातलेली गरम वाइन नको असेल तर मुलांसाठीचं ‘किंडरपुन्श’ मागा, फळांचा रस असतो. कपासाठी अनामत घेतात, कप परत दिला की पैसे परत. घरून मेतकूट, चटण्या, चिवडा न्या, पण पेढे, बर्फी, तूप नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे.

व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. सप्टेंबरमध्येच करून टाका, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात अपॉइंटमेंट मिळत नाहीत. ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा. म्युनिकच्या दोन रात्री आणि पासाउ धरून जर्मनी जास्त होतो की ऑस्ट्रिया, ते दिवस मोजून ठरवा, आणि बरोबरी झाली तर जिथून प्रवेश करणार तो देश. निदान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. आई-बाबांच्या जुन्या आजारांचा त्यात समावेश आहे का ते मात्र स्वतः वाचा, एजंटवर सोडू नका.

शेवटी तुमचा तो प्रश्न, आईला थंडी सोसेल का. तापमान शून्य ते पाचच्या आसपास असतं आणि अंगाला थंडी फारशी वाजत नाही, आत थर्मल, मध्ये लोकर, वर वारा अडवणारं जाकीट आणि कानटोपी पुरते. थंडी चढते ती पायांतून. बाजारात माणूस चालत कमी आणि दगडी फरशीवर उभा जास्त असतो. सासूबाईंचे बूट पुण्यात नवे घेतलेले, छान दिसणारे आणि पातळ तळाचे होते. दुसऱ्याच दिवशी रेगेन्सबुर्गला जाड रबरी तळाचे, आतून लोकर असलेले बूट घ्यावे लागले. ते एक माप मोठे घ्या, म्हणजे आत दोन मोजे बसतात, आणि निघण्याआधी महिनाभर घालून आईंना रोज थोडं चालायला लावा. दोघांच्याही खिशात पन्नास सेंट आणि एक युरोची नाणी असू द्या. थंडीत लघवीला वारंवार जावं लागतं आणि सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या दाराशी सुटे पैसे लागतात.