काँक्रीटच्या अंगणातल्या भेगा भरूनही परत का उघडतात?

घरासमोरच्या कोब्यात आणि गाडीच्या वाटेवर भेगा पडल्यात, सिमेंट कालवून भरल्या तरी त्याच जागी पुन्हा दिसतात, असं तुम्ही लिहिलंय. माझं सगळं काम कोब्याचंच आहे आणि ही तक्रार मी सतत ऐकतो. सिमेंट भरण्याची घाई आता थांबवा. आधी भेग अजून हलते आहे का, ते बघू.

दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख टाका, रुंदी मोजून लिहून ठेवा. मग भेगेवर आडवी सरळ पट्टी ठेवा. एक बाजू खाली गेलेली दिसली तर दोष कोब्यात नाही, खालच्या भरावात आहे. भराव नीट धुमसलेला (ठोकून घट्ट दाबलेला) नसतो, किंवा पन्हळीचं पाणी तिथेच मुरून माती वाहून जाते. वरून काहीही भरलं तरी ते टिकणार नाही. आधी पाण्याची वाट बदला.

दोन्ही बाजू एका पातळीत असतील तर बहुधा आकुंचन. काँक्रीट वाळताना मीटरमागे साधारण अर्धा मिलिमीटर आखडतं. म्हणजे १० मीटरच्या सलग वाटेत सुमारे ५ मिमी. ते कुठेतरी फाटणारच, आणि कुठे फाटायचं हे आपण ठरवून द्यायचं असतं. त्यासाठी कटरने जॉइंट, म्हणजे मुद्दाम सरळ खाचा, कापतात: १०० मिमी जाडीला दर अडीच-तीन मीटरवर, जाडीच्या चौथ्या हिश्श्याइतके खोल, तेही काँक्रीट टाकल्यापासून साधारण दिवसभराच्या आत. बहुतेक ठिकाणी हे जॉइंट नसतातच. त्यात माल पसरायला सोपा जावा म्हणून जास्तीचं पाणी ओतलेलं असतं, आणि वरून किमान ७ दिवस ओलं ठेवायचं ते दोन दिवसांत आटोपतं. खांबाभोवती कोब्याच्या आतल्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेगही याच जातीची.

वरवरची, जाळीसारखी बारीक चिरांची नक्षी मात्र निरुपद्रवी असते. कोरडं सिमेंट भुरभुरून घोटल्यामुळे ती येते. तिला हात लावू नका. भेगेच्या बाजूने तांबूस डाग असेल तर आतली सळई गंजतेय. ते प्रकरण वेगळं, तिथे सैल काँक्रीट फोडून सळई साफ करावीच लागते.

आता तुमचं सिमेंट का सुटतं? ते स्वतःही वाळताना आखडतं, आणि जुन्या, धूळ बसलेल्या कडांना धरत नाही. भेग उन्हात मिटते, थंडीत उघडते, त्यात ताठ सिमेंट कसं टिकेल? म्हणून हलत्या भेगेला लवचीक माल लागतो. ग्राइंडरने दोन्ही कडा सरळ कापून १०-१२ मिमी रुंदीची खाच करा. ब्रश आणि हवेने धूळ पूर्ण काढा, खाच कोरडी होऊ द्या. मग खाचेपेक्षा किंचित जाड फोमची दोरी आत दाबून बसवा आणि वर पॉलियुरेथेन सीलंट भरा, खाचेच्या रुंदीच्या निम्म्या जाडीचं. दोरी टाळू नका. ती नसली तर सीलंट तळालाही चिकटतं, त्याला ताणायला जागा राहत नाही आणि ते कडेने फाटतं.

महिनोन्‌महिने खुणा जागच्या जागी राहिल्या तर ती भेग मेलेली. बारीक असेल तर पातळ इपॉक्सी (घट्ट होणारा चिकट राळेचा माल) ओता, रुंद असेल तर पॉलिमर घातलेला दुरुस्तीचा मसाला भरा. केसाएवढी, ०.३ मिमीच्या आतली असेल तर मी काहीच करत नाही.

खचलेला तुकडा मोठा असेल तर तो काढून पुन्हा करणंच बरं. भराव थराथराने धुमसा, घरापासून बाहेर मीटरला १० ते २० मिमी उतार द्या, आणि भिंतीलगत फोमची पट्टी घालूनच काँक्रीट टाका, म्हणजे नवा कोबा भिंतीशी जखडणार नाही.