वाचक विचारतात: धूर आणि कार्बन, एकाच वहीत

प्रश्न: शहराचा हवेचा आराखडा महापालिका करते, हवामानबदलाचा राज्य करते. दोन्हींत कारखाने, वाहने, कचरा हेच विषय. मग हे काम एकत्र का होत नाही?

व्हायलाच हवे. ही फारकत कागदावरची आहे. जानेवारी 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाने शहर हा घटक धरला. हवामानबदलाचे आराखडे 2008 च्या राष्ट्रीय आराखड्यानंतर राज्यांकडे आले. चिमणी मात्र दोघांचीही तीच.

वर्षाला 10 लाख टन कोळसा जाळणारे वीजकेंद्र धरा. कोळशात राख 35 टक्के आणि तिच्यातली 80 टक्के धुराबरोबर वर जाते, म्हणजे 2 लाख 80 हजार टन. धूळ पकडणारी यंत्रणा 99.9 टक्के क्षमतेने चालली तर बाहेर पडते 280 टन. 99 टक्क्यांवर आली तर 2,800 टन, थेट दसपट! म्हणून ‘यंत्रणा बसवली आहे’ एवढी नोंद निरुपयोगी; ती वर्षातले किती तास पूर्ण क्षमतेने चालली, हे लिहावे लागते. गंधक 0.5 टक्के असेल तर सल्फर डायऑक्साइड सुमारे 10 हजार टन. कार्बन 40 टक्के धरला, तर त्याला 44 भागिले 12 ने गुणून कार्बन डायऑक्साइड निघतो सुमारे 14.7 लाख टन.

हे सगळे आकडे कोळशाच्या एकाच नोंदीतून आले. एका विभागाने आवारात आलेला कोळसा धरला आणि दुसऱ्याने जाळलेला, की दोन्ही आराखड्यांचा मेळ पहिल्याच पानावर बिघडतो.

स्वच्छ हवा आणि कमी कार्बन ही दोन उद्दिष्टे एकमेकांच्या आड येतात ती जागाही अशाच हिशेबाच्या वहीत दिसते. चुनखडी वापरून धुरातला 9,000 टन सल्फर डायऑक्साइड काढला, तर चुनखडीतून सुमारे 6,200 टन कार्बन डायऑक्साइड सुटतो. शिवाय हे काम करणारे संयंत्र चालवायला केंद्राची एक-दोन टक्के वीज जाते. चुनखडीतून सुटणारा कार्बन डायऑक्साइड एकूण उत्सर्जनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. आमच्या मते हा सौदा करावा, पण तो वहीत उघड मांडून.

प्रश्न: आमच्याकडे रस्ते धुतात, पाण्याचे फवारे मारतात. तरी हिवाळ्यात हवा वाईटच. यात राज्याने काय करायचे?

फवाऱ्याने बसते ती मुख्यतः जाड धूळ. फुप्फुसात खोलवर जाणारे 2.5 मायक्रॉनखालचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण बहुतांशी ज्वलनातून येतात. त्यांतला मोठा वाटा तर चिमणीतून कण म्हणून बाहेर पडतच नाही. सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइड हवेत अमोनियाशी मिळून कण बनतात, आणि अमोनिया येतो युरियातून, गोठ्यांतून. ही घडण व्हायला वेळ लागतो, तोवर वारा त्यांना शेकडो किलोमीटर नेतो. हिवाळ्यात जमिनीलगतचा थंड थर वर उठत नाही, त्यामुळे सगळे खालीच कोंडते. महापालिकेची हद्द इथे कुचकामी. 1981 च्या हवा कायद्याच्या कलम 19 नुसार वायुप्रदूषण नियंत्रण क्षेत्र घोषित करण्याचा अधिकार राज्य सरकारकडे आहे. वाऱ्याची दिशा पाहून जिल्हे एकत्र धरण्याचे काम तेच करू शकते.

वीटभट्ट्यांचे घ्या. उत्तरेतल्या चिमणीवाल्या भट्टीत विटा नागमोडी रचल्या, की वारा जास्त वेळ विटांमधून फिरतो आणि कोळसा सुमारे पाचव्या भागाने वाचतो. मात्र कोळसा थोडाथोडा, सतत टाकावा लागतो. जुन्या सवयीने एकदम ओतला की काळा धूर पुन्हा सुरू. महाराष्ट्रात बहुतेक भट्ट्या चिमणीविना, हंगामापुरत्या रचलेल्या असतात. तिथे हा उपाय जसाच्या तसा लागू होत नाही, म्हणून दुसऱ्या राज्याच्या आराखड्यातले कलम उचलण्याआधी भट्टीचा प्रकार पाहावा.

प्रश्न: उत्सर्जनाची नोंदवही करताना हमखास चुकते कुठे?

डिझेलमध्ये. राज्यात विकलेले डिझेल राज्यातच जळते असे नाही. करातल्या फरकामुळे मालमोटारी सीमेपलीकडे टाकी भरतात. कार्बनसाठी विक्रीचे आकडे चालतात, कारण एक लिटर डिझेल कुठेही जळले तरी सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइडच देते. धुराच्या हिशेबाला मात्र नाक्यावरची वाहनमोजणी, गाडीचे वय आणि भार लागतो.

दुसरी चूक विजेत. जिथे तयार होते तिथे मोजायची की जिथे वापरतात तिथे, हे आधी ठरवावे. नाहीतर तेच उत्सर्जन दोनदा येते किंवा दोन्हीकडून निसटते.

तिसरी मिथेनची. तापमानवाढीत तो कार्बन डायऑक्साइडच्या किती पट, हा त्याचा गुणक 100 वर्षांच्या मापाने साधारण 28, 20 वर्षांच्या मापाने सुमारे 80. कचराभूमीच्या 1,000 टन मिथेनचे एका तक्त्यात 28 हजार टन आणि दुसऱ्यात 80 हजार टन झाले, तर तुलना व्यर्थ.

प्रश्न: हवा खरोखर सुधारली, हे कसे ओळखावे?

एका वर्षाच्या आकड्यावर विसंबू नका; पाऊस जास्त दिवस टिकला तरी सरासरी उतरते. तीन वर्षांची सरासरी घ्या. वार्षिक सरासरीसाठी एका ठिकाणी किमान 104 दिवसांच्या नोंदी लागतात, आठवड्यातून दोन, सारख्या अंतराने. 2.5 मायक्रॉनखालच्या कणांची राष्ट्रीय वार्षिक मर्यादा घनमीटरमागे 40 मायक्रोग्रॅम आहे. हवा मोजणाऱ्या केंद्राची जागा मधल्या काळात बदलली असेल, तर जुने आणि नवे आकडे एका रेषेत जोडू नका.