दुकानाचा कॅमेरा, मुलाचा मोबाइल

प्रश्न : वकीलताई, पंचवटीत माझं पूजा साहित्याचं दुकान आहे. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आला म्हणून बीटवरचे हवालदार सांगून गेले, कॅमेऱ्याचं तोंड रस्त्याकडे करा आणि मागू तेव्हा फुटेज द्या. मी केलं. नंतर एका नाकाबंदीत माझ्या मुलाला मोबाइल उघडायला लावून त्याचं व्हॉट्सअ‍ॅप चाळलं. आता तो म्हणतो, पोलिसांना काहीच द्यायचं नाही. आपणच सहकार्य केलं नाही तर कसं चालेल? घरात अबोला आहे.
– एक दुकानदार

उत्तर : भाऊ, मुलाला आधी एवढं सांगा की तुमचा कॅमेरा आणि त्याचा मोबाइल यांची गाठ मारू नकोस.

पंचवटीकराला कॅमेऱ्याची गरज मी काय समजावणार? २७ ऑगस्ट २००३ ला सरदार चौकातल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. गर्दी कुठे तुंबतेय ते वेळेत दिसलंच पाहिजे. (गर्दी मोजायला प्रत्येकाचा चेहरा ओळखावा लागत नाही, हेही खरं.) फक्त समोरच्या वाड्याची खिडकी चौकटीत येत नाही ना, तेवढं बघा.

फुटेज जरूर द्या, पण लेखी मागणीवर. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ९४ खाली ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला तसा लेखी आदेश काढता येतो, मोबाइलवर पाठवलेलाही चालतो. ‘साहेबांनी सांगितलंय’ हा आदेश नव्हे. मागितलेल्या तारखेचा, वेळेचा तुकडा तेवढा द्या. अख्खा डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) नेत असतील तर पंचनाम्याची प्रत मागा. यात पोलिसांचंही भलंच आहे. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या कायद्याच्या, कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा, लिहावी लागते. तोंडी मागून पेनड्राइव्हवर खिशात घालून नेलेलं फुटेज आरोपीचा वकील कोर्टात उभं राहू देत नाही. आरोपीच्या बाजूने असली वकिली मीही केली आहे.

मोबाइलचं प्रकरण निराळं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमताने सांगितलं. नाक्यावर लायसन्स, गाडीचे कागद बघावेत. पण मुलाचे मेसेज वाचायला तपास कुठल्या गुन्ह्याचा चालू होता? तपासात वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ प्रमाणे आधी कारणं लिहावी लागतात, आणि कलम १०५ प्रमाणे तिचं चित्रीकरण करावं लागतं. पुन्हा असं झालं तर मुलाने शांतपणे विचारावं, ‘साहेब, कुठल्या गुन्ह्यात? लेखी द्याल का?’ हुज्जत नको, हिसकाहिसकी तर नकोच. बक्कल नंबर, वेळ आणि जागा टिपून ठेवावी आणि सहायक आयुक्तांकडे लेखी तक्रार द्यावी. तक्रारीची पोच घ्यायला विसरू नये, आपली माणसं नेमकी तिथेच ढिली पडतात.

आणि हो, प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावा, रेकॉर्डिंग १८ महिने जपा, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये बजावलंय. हवालदार पुन्हा आले की चहा मागवा आणि हसत हसत विचारा, ‘काय हो, ठाण्यातला चालू आहे ना?’ तेव्हा मुलालाही दुकानात बसवा.