ढगाआडचे ऊन

प्रश्न : मी ४३ वर्षांची असून विमा प्रतिनिधी आहे. कामानिमित्त मुलुंड-ठाणे भागात दिवसभर स्कूटरवर फिरते. हातांचे पंजे काळवंडले आहेत आणि गालांवर वांग आले आहेत. सनस्क्रीन फक्त उन्हाळ्यात लावते. मैत्रीण लिंबू चोळायला सांगते. काय करावे?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : लिंबू मुळीच चोळू नये. लिंबाचा रस अंगावर असताना ऊन लागले, तर त्या जागी फोड येऊ शकतात आणि त्यांचे काळे डाग महिनोन्महिने जात नाहीत.

मला अधिक खटकते ती सनस्क्रीनला पावसाळ्यात दिलेली सुट्टी. मुंबईत सूर्य वर्षातून दोनदा, मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस, दुपारी साडेबारा-पाऊणच्या सुमारास थेट डोक्यावर येतो. म्हणजे ढगाआडचा जुलैचा सूर्य मे महिन्याइतकाच उंचावर असतो. ढगांमुळे उकाड्याची धार कमी होते, पण पातळ ढगांतून अतिनील किरण बऱ्याच प्रमाणात खाली येतात. त्यांतील ‘बी’ किरणांनी त्वचा भाजते, तर ‘ए’ किरण खोलवर जाऊन त्वचेला घट्ट ठेवणाऱ्या कोलॅजेनचे धागे खिळखिळे करतात आणि सुरकुत्या व डाग वाढवतात. साधी काचही त्यांना पुरती अडवत नाही. घड्याळ काढून पट्ट्याखालची त्वचा पंजाच्या त्वचेशी ताडून पाहिलीत, तर त्यातले वयाचे किती आणि उन्हाचे किती, हे आपल्याच लक्षात येईल. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेला मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे काहीसे संरक्षण मिळते खरे, पण वांग तिच्यावरच लवकर उठतात.

माझ्या मते स्कूटरवर क्रीमपेक्षा कापड अधिक भरवशाचे, कारण ते घामाने वाहून जात नाही. घट्ट विणीच्या पूर्ण बाह्या आणि हातमोजे वापरावेत. आरपार दिसणाऱ्या ओढणीचा फारसा उपयोग नाही. चेहऱ्याला किमान ३० एसपीएफचे (हा आकडा मुख्यतः ‘बी’ किरणांपासूनच्या संरक्षणाचा) आणि ‘पीए’ची, म्हणजे ‘ए’ किरणांपासूनच्या संरक्षणाची, खूण असलेले सनस्क्रीन, तर्जनी व मधल्या बोटावर लांबीभर घेऊन, चेहरा व मानेला बारा महिने लावावे आणि बाहेर असताना दर दोन तासांनी पुन्हा लावावे, बहुतेक जण याच्या निम्मेही घेत नाहीत. वांग दृश्य प्रकाशानेही गडद होतात, त्यामुळे आयर्न ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन आपल्याला अधिक उपयोगी पडेल. शक्य असेल तेव्हा गाठीभेटी अकराच्या आधी किंवा चारनंतर ठेवाव्यात.

केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय गोरेपणाची ट्यूब मात्र आणू नये. अशा अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते, आणि त्याने चेहऱ्याची त्वचा पातळ व लाल होते. वांगांवरचे औषध त्वचारोगतज्ज्ञांकडूनच घ्यावे. एखादा तीळ आकार वा रंग बदलू लागला, किंवा एखादी जखम महिनाभर भरून आली नाही, तर त्यांच्याकडे जाण्यास विलंब करू नये.