चार्ज घेण्याआधी

चि. प्रभारी मुख्याध्यापक यांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तुझा आवाज ऐकला तेव्हाच कळलं, अभिनंदन नंतर करावं. पद मिळून चार दिवस होत नाहीत तोवर ग्रुपवर नऊ पीडीएफ, त्यातल्या सहांवर ‘अत्यंत तातडीचे’, आणि वर कुणाची तरी ऑडिओ क्लिप. ‘बाई, यातलं नेमकं काय पाळायचं?’ असं तू विचारलंस. मी ‘सगळंच’ म्हणून फोन ठेवला. रात्री वाटलं, हे काही उत्तर नव्हे. म्हणून लिहिते आहे.

पहिलं म्हणजे त्या नऊ कागदांची जात ओळख. कायदा विधिमंडळ किंवा संसद करते. त्याखालचे नियम अधिसूचनेने येतात. मग शासन निर्णय, मग संचालनालयाचं किंवा शिक्षणाधिकाऱ्यांचं परिपत्रक, आणि सगळ्यात खाली ग्रुपवरचा मेसेज. आपल्याकडे उतरंड नेमकी उलटी चालते. मेसेजला सगळे घाबरतात आणि कायदा कुणी उघडत नाही. शासन निर्णय हातात आला की आधी संकेतांक बघ. अठरा आकडी असतो, त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. तो शासनाच्या संकेतस्थळावर टाक. निर्णय सापडला तर तिथूनच उतरवून घे, ग्रुपवरची प्रत ठेवू नकोस. तिची मधली दोन पानं गायब असल्याचं मी पाहिलं आहे. सापडला नाही तर थांब. आणि निर्णय वाचताना सुरुवातीची ‘वाचा’ ही यादी गाळू नकोस. आधीचे कोणते निर्णय गृहीत धरलेत ते तिथे असतं. काय रद्द झालं ते बहुधा शेवटच्या परिच्छेदात दडलेलं असतं.

ही उतरंड नुसती पुस्तकी नाही. 2024 मधलं शिक्षण हक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के राखीव जागांचं प्रकरण आठव. 9 फेब्रुवारीला राज्याने नियम बदलले: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला वंचित गटातल्या मुलांसाठी जागा ठेवायची गरज नाही. 6 मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, 19 जुलैला तो बदल रद्दच केला, आणि सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्टमध्ये त्यात हात घातला नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, त्यातलं कलम 12 जागा ठेवा म्हणतं. नियमाने ते पुसता येत नाही. तुझी शाळा अनुदानित, तुला याची झळ नव्हती. पण माझ्या ओळखीच्या एका मुख्याध्यापिकेने मार्चमध्ये पालकांना ‘आता ते बंद झालं’ असं ठणकावून सांगितलं होतं आणि जुलैत तेच पालक तिच्या दारात उभे होते. पुढच्या वर्षी पहिलीपासूनच्या हिंदीचं तेच झालं: 16 एप्रिल 2025 चा निर्णय, 17 जूनचा सुधारित निर्णय, 29 जूनला दोन्ही मागे घेतल्याची घोषणा. वेळापत्रकं किती वेळा छापली असतील कुणास ठाऊक.

म्हणून जुने, रद्द झालेले आदेश फेकू नकोस. उद्या चौकशी झाली तर प्रश्न ‘आज काय नियम आहे’ हा नसतो, ‘तू ज्या दिवशी निर्णय घेतलास त्या दिवशी काय लागू होतं’ हा असतो. प्रत्येक आदेशावर तो तुला मिळाल्याची तारीख टाक आणि आवक नोंदवहीचा क्रमांक घाल. निर्णयावरची तारीख आणि तुझ्या हातात पडल्याची तारीख यांत कधी कधी तीन आठवडे असतात, आणि ते तीन आठवडेच तुला वाचवतात.

आता माझी एक फजिती सांगते, तुला कधी सांगितलेली नाही. मी नवी होते तेव्हा एका कार्यालयातून फोन आला. एका मुलाला मंजूर पटाच्या वर जाऊन प्रवेश द्या, ‘पत्र मागून पाठवतो’. मी दिला. पत्र आलं नाही. दीड वर्षाने तपासणी लागली, तोवर ते साहेब बदलून गेलेले. त्यांना फोन केला तर ‘बाई, मी असं सांगेन का?’ कागदावर एकच सही होती, माझी. एक वेतनवाढ थोडक्यात वाचली. त्या दिवसापासून टेबलाच्या खणात शंभर पानी वही ठेवली: तारीख, वेळ, कोण बोललं, काय सांगितलं. आणि फोन ठेवल्यावर अर्ध्या तासात एक ओळीचं पत्र, ‘आज दूरध्वनीवरून दिलेल्या सूचनेनुसार कार्यवाही करीत आहोत, कृपया लेखी आदेश मिळावेत.’ आता तर ईमेल आहे. गंमत अशी की असं पत्र गेलं की निम्म्या सूचना आपोआप विरून जातात. संस्थेच्या सचिवांनाही हेच पत्र पाठवायचं. ते रागावतील, रागावू देत. 2025 मध्ये नागपूर विभागातलं, शिक्षकांच्या पगाराच्या ‘शालार्थ’ या ऑनलाइन प्रणालीतल्या बनावट आयडीचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा अटक झालेल्यांत अधिकारी होते, लिपिक होते आणि मुख्याध्यापकही होते.

ज्या एका गोष्टीत कुणाच्याही आदेशाची, पत्राची, सल्ल्याची वाट बघायची नाही, ती आता सांगते. इथे सावकाश वाच.

एखाद्या दिवशी मधल्या सुट्टीत एखादी शिक्षिका दार लोटून आत येईल आणि सांगेल की सहावीतली अमुक मुलगी काहीतरी बोलली. त्या क्षणी तुझा हात संस्थेच्या अध्यक्षांच्या नंबरकडे जाईल. सगळ्यांचा जातो. ‘आधी खातरजमा करू’, ‘शाळेचं नाव’, ‘शिपाई वीस वर्षांचा जुना आहे’, हे सगळं पुढच्या दहा मिनिटांत कुणीतरी बोलेल. बोलू दे. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, 2012 चा आहे. त्याचं कलम 19 सांगतं की असा गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी धास्ती असली, तरी विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचं. ‘शक्य असल्यास’ असा शब्द तिथे नाही. न कळवणाऱ्याला कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद. आणि संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्या माणसाच्या गुन्ह्याबद्दल गप्प राहिला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंडही. सद्हेतूने माहिती देणाऱ्याला त्याच कायद्याने संरक्षण दिलेलं आहे. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापुरात शाळेतल्या लहान मुलींच्या बाबतीत काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. तिथे शाळेच्या मुख्याध्यापिकेवर आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला, तो माहिती वेळेत न दिल्याचा.

तपास करणं तुझं काम नाही. मुलीला चारचौघांसमोर बोलावून ‘पुन्हा सांग’ म्हणायचं नाही. जिला तिने सांगितलं त्या शिक्षिकेने मुलीचेच शब्द, सुधारणा न करता, तारीख-वेळ घालून लिहून काढावेत. ‘ते काका मला खोलीत थांब म्हणतात’ असं ती म्हणाली असेल तर तेवढंच लिहायचं, ‘गैरवर्तन केले’ असं नाही. मग पोलीस, पालक, आणि नंतर बाकीचे. पोलीस आले तर मुलीचा जबाब गणवेशातल्या पोलिसांनी घ्यायचा नाही, शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने घ्यायचा, हे कलम 24 मध्ये आहे. नम्रपणे आठवण करून दे. मुलीचं नाव स्टाफरूममध्येसुद्धा जाता कामा नये.

बदलापूरनंतर 21 ऑगस्ट 2024 चा शासन निर्णय आला. त्यात सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, मुलांच्या सुरक्षिततेसाठी 2022 मध्ये ठरलेली सखी सावित्री समिती, हे सगळं आहे. आठवड्यातून किमान तीन वेळा फुटेज बघणंही त्यात आहे आणि ती जबाबदारी तुझी आहे. बघितल्याची नोंद कुठे करतोस? आज दुपारी एक वही सुरू कर. अनुचित प्रकार 24 तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवण्याचंही त्यात आहे, आणि इथेच अनेकांची गल्लत होते. शिक्षणाधिकाऱ्यांना कळवलं म्हणजे पोलिसांना कळवलं असं होत नाही.

पडताळणीत रिक्षावाले, व्हॅनवाले, कराटे शिकवायला येणारा मुलगा, सगळे येऊ देत. नियमित शिक्षकांचीच करून फाईल बंद करायची सवय आहे आपल्याला.

बाकीचं भराभर सांगते. पाचवी-आठवीचं: ‘नापास करायचं नाही’ हे 2009 चं सूत्र 2019 च्या दुरुस्तीने सैल झालं आणि आपल्या राज्याने 2023 मध्ये नियम बदलून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा आणली. पण मूल कमी पडलं तर जादा शिकवणं आणि निकालानंतर दोन महिन्यांत फेरपरीक्षा, हे आधी. निकालपत्रकावर थेट ‘अनुत्तीर्ण’ लिहून मोकळं होता येत नाही, आणि आठवीपर्यंत शाळेतून काढता तर येतच नाही. फी राहिली म्हणून शाळा सोडल्याचा दाखला अडवण्याचा मोह व्यवस्थापनाला होतो. आठवीपर्यंतच्या मुलाला दुसऱ्या शाळेत जायचं असेल तर दाखला ताबडतोब द्यायचा, आणि उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई मुख्याध्यापकावर होते. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 5 वाच, छोटं आहे.

स्टाफरूममध्ये सध्या एकच विषय असणार, टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. 1 सप्टेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, सेवेची पाच वर्षांहून जास्त शिल्लक असलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत ती परीक्षा उत्तीर्ण व्हायचं आहे. पाचपेक्षा कमी शिल्लक असेल तर निवृत्तीपर्यंत नोकरी राहते, पण बढती हवी असेल तर टीईटी हवीच. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला. तू वयाने लहान, तुझ्या हाताखाली बावीस-बावीस वर्षं शिकवलेली माणसं. त्यांना हा निकाल अपमान वाटतो, आणि खरं सांगू, मलाही थोडा वाटला. पण त्यांच्यापुढे निकालावर भाषण देऊ नकोस. प्रत्येकाची जन्मतारीख, नेमणुकीची तारीख आणि कोणत्या वर्गांना शिकवतात एवढा तक्ता कर, ज्यांना लागू होतं त्यांना एकेकटं बोलव, आणि परीक्षेच्या महिन्यात त्यांचे तास हलके करता आले तर कर.

आधारचा गुंता मात्र मला कधी सुटला नाही. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे तर शिक्षण हक्क कायद्यातच आहे. आणि दुसरीकडे संचमान्यता, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदं मिळणार ते, आधार वैध झालेल्या पटावर. म्हणजे ऊसतोडीवरून आलेलं, कागद नसलेलं मूल वर्गात बसलेलं असतं पण मोजणीत नसतं, आणि त्याच्यापायी एखाद्या शिक्षकाचं पद जायची वेळ येते. तरीही प्रवेश द्यायचा. हजेरीत नाव घालायचं आणि ‘आधार प्रलंबित’ म्हणून अशा मुलांची यादी दर महिन्याला वर पाठवत राहायचं, उत्तर येवो न येवो.

आणि ती आधार क्रमांकांची एक्सेल शीट तू ग्रुपवर टाकलीस ना? काढून टाक. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यात अठराखालचं प्रत्येक जण मूल, आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येणारी संमती. शैक्षणिक कामाला आणि सुरक्षेला काही सवलती आहेत, पण जात, आजार, आधार अशा रकान्यांची यादी चाळीस जणांच्या ग्रुपवर टाकणं त्यात कुठे बसतं, मला दिसत नाही. मुलांबाबतच्या चुकीला दंडाची कमाल मर्यादा 200 कोटी रुपये आहे. आपल्या शाळेची इमारत विकली तरी भरणार नाही.

शेवटचं तुझं चार्जयादीचं, म्हणजे पदभार घेताना ताब्यात येणाऱ्या वस्तू-कागदांच्या यादीचं. लिपिक म्हणतो, सगळं बरोबर आहे, सही करा. करू नकोस. आधी जनरल रजिस्टरं, म्हणजे मुलांच्या प्रवेशाच्या नोंदवह्या, मोज, पहिलं कोणत्या सालचं आहे ते बघ आणि मधलं एखादं गायब आहे का ते तपास. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला माणसं शाळाशाळांत आली तेव्हा हीच रजिस्टरं टेबलावर आली होती. कुणा जुन्या हेडमास्तरांच्या टाकाच्या अक्षरावर एखाद्या घराचं आरक्षण ठरत होतं. जन्मतारखेच्या किंवा जातीच्या रकान्यात खाडाखोड दिसली तर पान क्रमांक, नोंद क्रमांक लिही, मोबाईलवर फोटो काढ आणि चार्जयादीतच ‘सदर नोंदीत पूर्वीपासून खाडाखोड आढळते’ असा शेरा मार. लिपिक नाराज होईल. तिसऱ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात वाळवी लागायची, तिथलं रजिस्टर हातात घेऊन उघड, नुसता कणा बघू नकोस. कोऱ्या दाखल्यांची पुस्तकं अनुक्रमांकासह मोज. कोरे चेक, शालार्थचा पासवर्ड, शिक्के. पासवर्ड त्याच दिवशी बदल.

दोन दिवस लागतील. लागू देत. मंगळवारी मी मोकळी आहे, चष्मा घेऊन येते.

तुझी,
बाई