जुन्या छोट्या ट्रॅक्टरने मोठे लॉन कापायचे असेल, तर आधी पीटीओ पाहा

तीन एकरांच्या लॉनसाठी नवा लॉन ट्रॅक्टर घेण्याऐवजी १९५० सालचा फोर्ड ८एन आणि त्याच्यामागे जोडायचा पाच फुटी मोअर (गवत कापायचे यंत्र) घ्यावा का, असे आपण विचारले आहे. इंजिन चांगले चालते आणि रंगही नवा आहे, असेही आपण लिहिले आहे. माझे उत्तर असे की जरूर घ्यावा, पण एका अटीवर. आणि ती अट इंजिनाशी नाही, तर पीटीओशी, म्हणजे मागे जोडलेल्या अवजाराला इंजिनाची ताकद देणाऱ्या फिरत्या शाफ्टशी, निगडित आहे.

१९४७ ते १९५२ या काळात बनलेल्या ८एनचा पीटीओ गिअरबॉक्समधून चालतो. क्लच दाबला की इंजिन सुटे होते, पण पीटीओचा शाफ्ट आणि मागची चाके गिअरबॉक्समधून एकमेकांना जोडलेलीच राहतात. मोअरची जड पाती वेगात फिरत असतात. ती लगेच थांबत नाहीत आणि त्यांचा जोर उलट्या वाटेने येऊन चाकांना फिरवतो. पहिल्याच हंगामात कुंपणाजवळ वळताना मी क्लच पूर्ण दाबला, ब्रेकही दाबला, तरी ट्रॅक्टर पुढे सरकतच राहिला आणि पुढचे चाक तारेला टेकले तेव्हाच थांबला. तारेच्या जागी कोणी उभे असते तर काय झाले असते, हा विचार आजही मनातून जात नाही.

यावर उपाय, आणि माझी अटही, म्हणजे ओव्हररनिंग क्लच. सायकलच्या फ्रीव्हीलप्रमाणे तो एकाच दिशेने जोर पुढे देतो, त्यामुळे पाती फिरत राहिली तरी चाकांना ढकलत नाहीत. ८एनचा मूळ पीटीओ शाफ्ट १ १/८ इंच व्यासाचा असतो आणि आजच्या मोअरना १ ३/८ इंचाचा लागतो, म्हणून दोन्ही कामे एकत्र करणारा क्लच घ्यावा. त्याने शाफ्टची एकूण लांबी वाढते. तेव्हा मोअर वर-खाली करून जिथे अंतर सर्वांत कमी होते तिथे माप घ्यावे आणि गरज असल्यास मोअरचा शाफ्ट कापून घ्यावा, नाहीतर तो आत दाबला जाऊन गिअरबॉक्सवर ताण येतो. ट्रॅक्टर थांबला तरी पाती काही वेळ फिरतच राहतात, म्हणून ती पूर्ण थांबल्याशिवाय आसनावरून उतरू नये.

दुसरी अडचण वेगाची आहे. पीटीओला मिनिटाला ५४० फेरे मिळण्यासाठी इंजिन मिनिटाला सुमारे १५०० फेऱ्यांवर ठेवावे लागते आणि तेव्हा पहिल्या गिअरलाही ट्रॅक्टर ताशी साधारण साडेचार किलोमीटरने जातो. दाट गवतात हा वेग जास्त होतो, आणि क्लच दाबून वेग कमी करू म्हटले तर पात्यांचा जोरही जातो. अशा जागी अर्ध्या रुंदीचाच पट्टा घ्यावा. झुडपे तोडण्यासाठी बनलेला रोटरी कटर लॉनसाठी घेऊ नये. त्याची पाती अधिक जड असतात आणि कापही ओबडधोबड येतो.

केवळ लॉनच कापायचे असेल, तर माझी पसंती फार्मॉल कबला आहे. हा ट्रॅक्टर १९४७ ते १९७९ पर्यंत बनत होता. त्याचे इंजिन एका बाजूला सरकवलेले असल्याने पोटाखालचा मोअर कुठे कापतो आहे ते आसनावरून थेट दिसते, आणि झाडाच्या बुंध्याजवळ याचा फार उपयोग होतो. मात्र त्याला पाण्याचा पंप नाही. गरम पाणी वर चढते आणि थंड खाली येते, एवढ्यावरच इंजिन थंड राहते. रेडिएटरच्या जाळीत गवताचे बी अडकले की पाणी उकळायला वेळ लागत नाही, म्हणून दर वेळी काम झाल्यावर, इंजिन थंड झाले की, मी पंख्याच्या बाजूने पुढच्या दिशेला हवा मारून जाळी साफ करतो.

कोणताही ट्रॅक्टर घेतला तरी त्या काळी उलटण्यापासून वाचवणारी चौकट बसवलेली नसे. ती आणि तिच्यासोबत सीटबेल्ट बसवल्याशिवाय उतारावर जाऊ नये, आणि ओल्या उतारावर तर चौकट असली तरीही जाऊ नये.

व्यवहार करण्यापूर्वी सपाट, मोकळ्या जागी मोअर चालू ठेवून पहिल्या गिअरला ट्रॅक्टर चालवा, क्लच दाबा आणि तो किती अंतर पुढे सरकतो ते स्वतः पाहा.