पोर्ट बदलण्याआधी एवढं करून पाहा

प्रश्न : माझ्या लॅपटॉपच्या उजव्या यूएसबी पोर्टला माउस छान चालतो, पण बाहेरची हार्डडिस्क लावली की ती टकटक वाजते, क्षणभर दिसते आणि गायब होते. डाव्या पोर्टला तीच डिस्क त्याच केबलवर व्यवस्थित चालते. दुरुस्तीवाले म्हणतात, पोर्ट बदलावा लागेल. बदलू का?

उत्तर : थांबा, इतक्यात नको. डावं-उजवं करून पाहिलंत हे फार चांगलं केलंत. डिस्क आणि केबल दोन्ही ठीक आहेत, हे त्यातच ठरलं. आणि सगळ्यात आधी सांगते, उजव्या पोर्टला ती डिस्क आता पुन्हा लावू नका. लिहिणं चालू असताना वीज तुटली तर फायली खराब होतात. पोर्ट दुरुस्त होतो, गेलेले फोटो परत येतीलच असं नाही.

आता माउस चालतो आणि डिस्क चालत नाही, याचा अर्थ लावू. माउसला वीज अगदी थोडी लागते. फिरत्या चकतीची डिस्क मात्र सुरू होताना एकदम जास्त ओढते. यूएसबी 2.0 च्या, म्हणजे जुन्या पिढीच्या पोर्टने 500 मिलिअँपिअर द्यायचे असतात, त्यानंतरच्या 3.0 च्या पोर्टने 900. तेव्हा उजवा पोर्ट मुळात 2.0 चा तर नाही ना, ते बघा. 3.0 च्या पोर्टची आतली पट्टी बहुतेकदा निळी असते किंवा शेजारी ‘एसएस’ असं चिन्ह असतं. तो 2.0 चा निघाला तर बिघाड काहीच नसेल, डिस्कला वीज अपुरी पडत असेल. पोर्ट आणि डिस्क यांच्या मधे स्वतःचा अडॅप्टर असलेला हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) घातला की प्रश्न मिटला.

दोन्ही पोर्ट सारखेच असतील तर लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. आतल्या सर्किट बोर्डावर उरलेली वीज निघून जाते आणि अडकलेला पोर्ट कधीकधी एवढ्यानेच सुटतो. मग विंडोज असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हब उघडून, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढून टाका. टकटक वाजणाऱ्या डिस्कला याने फरक पडेलच असं नाही, पण करायला काही लागत नाही.

खरी तपासणी यापुढची. टॉर्च धरून आत बघा. पिना सरळ रांगेत आहेत का? एखादी काळवंडलीय का? मग एक रिकामा पेनड्राइव्ह लावा आणि बोटाने अगदी हलकेच वर-खाली करा. जोडल्या-तुटल्याचा आवाज येत राहिला तर पोर्टचे पाय बोर्डावर सुटलेत असं समजा. भिंगातून पाहिलं की सोल्डरच्या (पाय बोर्डाला जोडणाऱ्या वितळवलेल्या धातूच्या) ठिपक्यात पायाभोवती बारीक गोल चीर दिसते. अशा चिरेतून माउसपुरती वीज जाते, पण डिस्कने ओढायला सुरुवात केली की 5 व्होल्टचा दाब खाली घसरतो. चकती फिरायला बघते, थांबते, पुन्हा फिरायला बघते. तुम्हाला ऐकू येतं ते हेच.

यावर उपाय पोर्ट बदलण्याचा नाही. “त्याच पायांना नवं सोल्डर द्या,” असं स्पष्ट सांगा. चांगला पोर्ट उपटून काढताना बोर्डावरची तांब्याची रेघ उखडली, तर किरकोळ काम मोठं होऊन बसतं. हे टाळता येतं, म्हणून मी इतकं बजावून सांगतेय. आतली पट्टीच मोडली असेल किंवा पिना तुटल्या असतील, तर मात्र बदलण्यावाचून इलाज नाही.

प्रश्न : फोनची टाइप-सी केबल तिरकी धरली तरच चार्जिंग होतं. पोर्ट गेला का?

उत्तर : बहुधा नाही. आधी दुसरी केबल लावून बघा. टाइप-सीमध्ये पकड धरणाऱ्या स्प्रिंगा फोनमध्ये नसतात, केबलच्या टोकात असतात. त्यामुळे सैल पडते ती सहसा केबलच. नवी केबलही पूर्ण आत बसत नसेल तर तळाशी खिशातला कापसाचा भुगा दाबून बसलाय. फोन बंद करा, लाकडी टूथपिक घ्या आणि मधल्या पट्टीला धक्का न लावता कडेकडेने भुगा उकरून काढा. सुई किंवा टाचणी अजिबात नको. त्या पट्टीच्या दोन बाजूंना मिळून 24 पिना दाटीने बसवलेल्या असतात. तोंडाने फुंकूही नका, ओलावा आत जातो.

प्रश्न : डेस्कटॉप कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडून धूळ झटकली, तेव्हापासून पुढचे दोन्ही यूएसबी बंद आहेत. मागचे चालतात.

उत्तर : पुढच्या पोर्टांची वायर मदरबोर्डवरून निघाली असणार. मुख्य वीज बंद करून उघडा आणि ‘यूएसबी’ असं लिहिलेली, दोन ओळींत 9 पिनांची जागा शोधा. कोपऱ्यातली एक पिन मुद्दाम गाळलेली असते, म्हणजे जोडणी एकाच बाजूने बसते. पुढचे पोर्ट 3.0 चे असतील तर जोडणी मोठी, 19 पिनांची असते. ती सरळ धरूनच दाबा, पिना पटकन वाकतात. बसवल्यावर पहिल्यांदा एखादा साधा माउस लावून पाहा, महत्त्वाची डिस्क नंतर.